पुतळा नक्की कशाचा असतो? स्टुडिओत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीवाडीच्या बाजूला माझी पत्र्याची शेड आहे. तिला स्टुडिओ म्हणायला मला अजून लाज वाटते, पण बोर्डावर तसं लिहिलंय. आत येणारा माणूस आधी मधल्या मातीच्या डोक्याकडे बघतो, मग माझ्या नखांकडे, आणि मग विचारायला लागतो. बावीस वर्षांत प्रश्न फारसे बदलले नाहीत. उत्तरं मात्र मी माझ्या मूडप्रमाणे देत आलो. एकाला लांबण लावली, दुसऱ्याला उडवून लावलं. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलं.

हा पुतळा कशाचा आहे?

आज मातीचा. पुढच्या महिन्यात प्लास्टरचा, त्यानंतर मेणाचा, मग चार-पाच दिवस कशाचाच नाही, आणि शेवटी ब्राँझचा.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. आधी शाडूत पूर्ण काम होतं, केसांच्या वळणापासून कोटाच्या बटणापर्यंत. मग त्याच्यावर साचा घेतात. साचा सुटताना मातीचं काम मोडतं. बहुतेक वेळा ते खरवडूनच बाहेर काढावं लागतं, म्हणजे ज्याच्यावर तीन महिने घालवले ते तासाभरात घमेल्यात. साच्यातून प्लास्टरची किंवा फायबरची प्रत निघते. ती घासूनपुसून, सुधारून घ्यायची. तिच्यावर सिलिकॉन रबराचा दुसरा साचा, आणि त्या रबरात वितळलेलं मेण ब्रशनं लावत पाच-सहा मिलिमीटरचा थर. रबर सोललं की हातात मेणाचा पोकळ पुतळा येतो. त्याच्या पोटात प्लास्टर आणि विटेचा भुगा कालवून भरतात, बाहेरूनही त्याच मिश्रणाचं जाड कवच चढवतात आणि सगळं भट्टीत ठेवतात. मेण वितळून वाहून जातं. आता आतल्या गोळ्याच्या आणि बाहेरच्या कवचाच्या मध्ये पुतळ्याच्या आकाराची फक्त पोकळी उरते. तेच ते ‘कशाचाच नाही’ असलेले दिवस. मला त्या दिवसांत झोप लागत नाही. काम कुठे आहे म्हणाल तर कुठेच नाही. एका भाजलेल्या ढेकळाच्या आत हवा आहे, तेवढंच.

त्या हवेच्या जागी धातू जातो. म्हणजे चौकात तुम्ही जे बघता त्यात माझं बोट ज्या मातीत उमटलं ती माती कणभरसुद्धा नसते. आलेला ठसा असतो, तोही तीन हात फिरून.

मग ती माती कुठे जाते?

परत पिंपात. माझ्याकडे झाकणाचं मोठं पिंप आहे, त्यातली निम्मीअधिक माती माझ्या गुरुजींची. त्यांनी काम थांबवलं तेव्हा टेम्पोत घालून आणली. त्यांनी ती किती वर्षं वापरली कोण जाणे. तिच्यात महात्मा फुले होऊन गेलेत, दोन साखर कारखान्यांचे संस्थापक होऊन गेलेत, माझी आई झाली, एक बैलाचं वशिंड झालं. काम मोडलं की तारा, खिळे, काड्या वेचून काढायच्या, ढेकळं वाळवायची, फोडायची, पाण्यात भिजत घालायची, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मळायची. जुनी माती नव्यापेक्षा जास्त लोण्यासारखी चालते. कण पाण्यात मुरून मुरून एकमेकांवरून घसरायला शिकतात, आणि त्यात थोडी बुरशी, थोडा कुजका वास येतो तो चांगला मानतात. नवा विद्यार्थी पिंपाचं झाकण उघडून नाकाला रुमाल लावतो. महिन्याभरात तोच वास घेऊन माती तयार आहे की नाही ते सांगायला लागतो.

शाडूच का? आमच्या शेतातली माती चालेल का?

तुमच्या शेतातली काळी माती सुकताना भेगाळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शाडूचा कण बारीक, रंग करडा-पांढरट, त्यामुळे उजेडसावली स्वच्छ दिसते. काळ्या मातीत नाकाची सावली कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते कळत नाही. आपल्याकडे गणपतीसाठी येणारा शाडू बराचसा गुजरातेतून, भावनगरच्या बाजूनं येतो. पेणच्या कारखान्यांत तोच.

शाडूसुद्धा सुकला की आकसतो आणि तडकतो. म्हणून काम चालू असेपर्यंत त्याला सुकूच द्यायचं नाही. रात्री ओलं फडकं, त्याच्यावर प्लास्टिक. उन्हाळ्यात दुपारीही फवारा मारावा लागतो. लग्नाला गावी गेलो तरी शेजारच्या पोराला फोन करून ‘पाणी मारलं का’ विचारतो. बायको म्हणते, जनावर पाळलंय.

आतमध्ये काय असतं?

सांगाडा. आम्ही आर्मेचर म्हणतो. बस्टसाठी, म्हणजे डोकं आणि खांद्यांपर्यंतच्या पुतळ्यासाठी, फळीवर उभा लोखंडी पाइप, वर तारेचा गुंता, आणि त्या तारेला टांगलेले लाकडाच्या काड्यांचे क्रॉस. ते क्रॉस मातीला आतून धरून ठेवतात. ओली माती म्हणजे जड प्रकरण, स्वतःच्या वजनानं रोज थोडी खाली येते. हनुवटी सोमवारी असते तिथे शुक्रवारी नसते.

सुरुवातीच्या काळात सात फुटी कामाला मी क्रॉस कमी बांधले. घाई होती. एका सकाळी शेड उघडली तर छातीचा सगळा भाग धोतरावर येऊन बसला होता, डोकं मात्र पाइपावर जागच्या जागी, चेहऱ्यावर तोच भारदस्त भाव. हसावं की रडावं कळेना. तेव्हापासून दर वीतभर अंतरावर क्रॉस बांधतो आणि मदतनीस वैतागतात.

सांगाड्याचा दुसरा छळ असा की तो पहिल्या दिवशी ठरवावा लागतो. माती शेवटपर्यंत ऐकते, लोखंड ऐकत नाही. याची गोष्ट पुढच्या उत्तरात.

फक्त फोटोवरून चेहरा हुबेहूब येतो का?

येतो, पण फोटो कसा आहे त्यावर. बहुतेक घरांतून पासपोर्टचा फोटो येतो, समोरून, फ्लॅश मारलेला, त्यात खोली नावाला नाही. मला बाजूचा फोटो हवा असतो. तो कधीच नसतो. आपल्याकडे बाजूनं फोटो काढतात ते फक्त लग्नात, हार घालताना. मग मी लग्नाचे अल्बम मागवतो. कान, जबड्याचा कोपरा आणि मान कुठून सुटते या तीन गोष्टी मिळाल्या की निम्मं काम झालं. डोळे सगळ्यात शेवटी.

मार्केट यार्डात तरुणपणी हळदीची पोती वाहिलेले, पुढे स्वतःची अडत काढलेले एक गृहस्थ होते. मुलांना त्यांचा बस्ट करायचा होता. मुलं तीनदा येऊन बघून गेली, खूश होती. साचा घ्यायच्या आदल्या दिवशी त्यांची आत्या आली, ऐंशीच्या घरातली. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पोरा, त्वांड दादाचंच हाय. पर ही मान कुणाची रं? दादाचा उजवा खांदा पडका हुता. पोत्यानं.”

मुलांनी वडिलांना पोती उचलताना पाहिलंच नव्हतं. त्यांच्या आठवणीतले वडील गादीवर बसलेले. मी अल्बम पुन्हा काढला, आणि एका फोटोत, सगळ्यांच्या मागे उभं राहिलेल्या त्या माणसाचा उजवा खांदा खरंच दोन बोटं खाली, आणि मान भार तोलल्यासारखी डावीकडे. माती बदलणं सोपं होतं, पण मानेतून पाइप सरळ वर गेलेला. तार घेऊन मान कापली, डोकं उचलून ओल्या पोत्यावर ठेवलं, पाइप हॅकसॉनं कापून कलता वेल्ड करून घेतला आणि डोकं परत बसवलं. तीन आठवडे गेले. चेहऱ्याला मी हातही लावला नव्हता, तरी मुलं बघून म्हणाली, “आता चेहरा आला.”

प्लास्टर ऑफ पॅरिस वाईट ना? मग तुम्ही कसं वापरता?

गणपतीचा वाद नदीत विसर्जन करण्यापाशी आहे. शाडू पाण्यात विरघळतो, प्लास्टर विरघळता विरघळत नाही. माझं प्लास्टर नदीत जात नाही, निदान मी सोडत नाही. (पुराबद्दल खाली लिहिलंय.)

प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. भाजताना त्यातलं बरंचसं पाणी उडतं, आणि आपण पाणी घातलं की तो ते परत घेऊन दगड होतो. परत घेताना तापतो. हे तापणं विसरू नका. हल्ली बाळाच्या हाताचे ठसे, नवराबायकोचे गुंफलेले हात असली कामं घरी करायचं फॅड आहे. हात थेट प्लास्टरमध्ये कधीही घालू नका. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये एका शाळकरी मुलीनं वर्गात हात असे बुडवले आणि बोटं गमावली. हातासाठी दाताचे डॉक्टर मापाला वापरतात ते अल्जिनेट मिळतं. ते गार असतं, रबरासारखं सुटतं, त्यात मग प्लास्टर ओता.

आणि प्लास्टर म्हणजे मधला टप्पा, कच्चं काम, असंही समजू नका. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६ ची, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना केलेली, प्लास्टरचीच. पूजेला निघालेल्या त्या बाईच्या नऊवारीची चुणी प्लास्टरमध्ये इतकी ओली दिसते की पुढच्या कुणाला तो दगड किंवा धातू करावा लागू नये.

ब्राँझचा पुतळा भरीव असतो का? ठोकला तर पोकळ वाजतो.

पोकळच असतो आणि पोकळच असायला हवा. हिशेब करून दाखवतो. खांद्यापर्यंतच्या बस्टचा पृष्ठभाग धरा अर्धा चौरस मीटर. जाडी सहा मिलिमीटर. म्हणजे धातू लागला तीन लिटर. ब्राँझ लिटरला पावणेनऊ किलोच्या आसपास, म्हणजे साधारण २६ किलो. तोच बस्ट भरीव ओतला तर सहज तीस लिटर, म्हणजे अडीचशे किलोच्या वर. पैसे तुमचे जातील हा वेगळा भाग. मुख्य म्हणजे जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग पटकन, आणि त्या ओढाताणीत नाकाजवळ खड्डा पडतो नाहीतर मानेत चीर जाते.

थंड होताना धातू आकसतोही, साधारण दीड टक्का. सात फुटाच्या पुतळ्यात सव्वा इंच. म्हणून मातीत काम जरा मोठं करायचं. पुतळा समितीचे लोक टेप घेऊन येतात आणि मातीचं काम सात फूट दोन इंच भरलं की खूश होतात, फुकट दोन इंच मिळाले म्हणून.

ओतकाम बघायला येऊ का?

माझ्याकडे भट्टी नाही. कोल्हापूरच्या बाजूला एका ओताऱ्याकडे जातो. त्यांच्या परवानगीनं या, पण सुती कपडे, बंद बूट आणि लांब उभं राहायची तयारी असेल तरच.

मिश्रण नेहमीचं: १०० भागांत ८५ तांबं, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. तांबं आधी वितळवतात. जस्त शेवटी, कारण ते ९०७ अंशांना उकळतं आणि आपण ओततो अकराशेच्या वर; आधी टाकलं तर धूर होऊन निघून जातं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हिवतापासारखी थंडी वाजते. ओतारी दूध पितात. मास्क लावा म्हणून मी ओरडतो, ते हसतात.

कवच जमिनीत खड्डा करून पुरलेलं असतं, भोवती माती ठासून चोपलेली, वर फक्त तोंड आणि हवा जायच्या नळ्या दिसतात. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, दोघं चिमट्यानं उचलतात. तिसरा लोखंडी सळीनं वरचा मळ मागे ओढतो. त्या वेळी कुणी बोलत नाही. धातू तोंडातून आत जातो आणि आवाज बाटली भरताना येतो तसा, खालून वर चढत जाणारा. सगळ्यांचे कान त्या आवाजाकडे. मग हवेच्या नळ्यांतून, एकीतून, दुसरीतून, नारिंगी थेंब वर येऊन थांबतो. सगळ्या नळ्या भरल्या म्हणजे पोकळी भरली. एक नळी कोरडी राहिली तर ओतारी माझ्याकडे बघत नाही, सरळ चहाला जातो.

माझी एकदा कोरडी राहिली. चूक माझीच, मेणावर नळी कुठे चिकटवायची ते मी सांगितलं होतं, हवा कानाच्या पाळीत अडकली. कवच फोडलं तर सगळा चेहरा लखलखीत आणि डावा कान अर्धा. कान वेगळा ओतून वेल्ड केला. कुणाला ओळखू येत नाही. मी मात्र त्या चौकातून जाताना नेहमी डावीकडून जातो.

याहून वाईट म्हणजे कवचात ओल राहणं. ओलीची वाफ होते, वाफेला जागा नसते, आणि तप्त धातू कारंज्यासारखा परत वर येतो. म्हणून भाजायला दिवसच्या दिवस लावतात. ‘उद्घाटनाची तारीख ठरलीय, जरा लवकर करा’ हे वाक्य भट्टीजवळ बोलू नये.

फायबर आणि ब्राँझ दिसायला सारखंच, मग फायबर का नको?

लांबून सारखं दिसतं, खरंय. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिस्टर रेझिन, वर ब्राँझसारखा रंग. हलकं, स्वस्त, पटकन. घराच्या आत, रंगमंचावर, देखाव्यात उत्तम. उघड्यावर ऊन त्याला खातं. वरचा थर खडूसारखा होतो, धागे उघडे पडतात, दर दोन-चार वर्षांनी रंग. मी करतो फायबर, पोट भरतं त्यावर. फक्त ब्राँझ म्हणून विकत नाही.

घरी प्रयोग करणाऱ्यांना एक सूचना: रेझिनमध्ये कोबाल्ट आधी नीट मिसळून घ्या आणि हार्डनर नंतर. दोन्ही एकमेकांत थेट कधीच नको, भडका उडतो. आणि घासताना मास्क, पूर्ण बाह्या. नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल.

दगडात का करत नाही?

मला येत नाही म्हणून. शिकलोय, दोन वर्षं केलाय, येत नाही.

माती ही बेरीज आहे, दगड वजाबाकी. मातीत नाक मोठं झालं तर काढलं, लहान झालं तर लावलं. दगडात गेलेलं परत येत नाही. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे पहिल्या टाकीच्या घावाच्या आधी कळस कुठे आणि हत्ती कुठे हे कुणाच्यातरी डोक्यात पक्कं होतं. माझं डोकं तसं चालत नाही. मी हातानं विचार करतो, चुकत चुकत.

त्यात आपला दगड बेसाल्ट. संगमरवर नखानं ओरखडत नाही, पण लोखंडाला सहज दाद देतो. आपला काळा पाषाण टाकीची धार उडवतो. आमच्या इथले एक पाथरवट दगड घ्यायच्या आधी त्याला हातोडीनं वाजवतात. घंटेसारखा वाजला तर घेतात. भद वाजला तर आत चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. त्यांनी नाकारलेल्या एका दगडात मी हट्टानं काम केलं होतं. तो गुडघ्यात फाटला.

देवळांतून विचारणा येते म्हणून सांगतो: संगमरवरी मूर्तीवर रोज दही-लिंबाचा अभिषेक करू नका. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ, आंबट त्याला विरघळवतं. पंधरा-वीस वर्षांत नाकडोळे बोथट होतात. काळ्या पाषाणाचंही पाण्यादुधानं झिजणं चालूच असतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन पुरातत्त्व खात्याला २०१५ मध्ये करावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल.

सिमेंटचा पुतळा म्हणजे हलकं काम का?

शांतिनिकेतनला जाऊन रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ बघा. १९३८ चं, सिमेंट आणि तिथल्याच लाल जांभ्याच्या खड्यांचं. ब्राँझला पैसे नव्हते, हे कारण होतंच, पण तो खडबडीत लाल पोत त्या उन्हात चालणाऱ्या माणसांचा आहे. गुळगुळीत केला असता तर ते कुटुंब सहलीला निघाल्यासारखं दिसलं असतं.

हलकं असतं ते आपल्याकडच्या चौकातलं सिमेंट: आत गंजका बार, वर ऑइलपेंट.

पुतळे कोसळतात कसे?

मालवणनंतर हा प्रश्न रोज येतो. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपतींचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा, चुकीचं वेल्डिंग अशी कारणं पुढे आल्याच्या बातम्या होत्या. त्या कामाबद्दल मी निवाडा देणार नाही, पण तत्त्व सांगतो. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारं पाणी असेल तर लोखंड झपाट्यानं गंजतं. बाहेरून पुतळा झळझळीत, आतून पाय पोखरलेले. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचंही हेच झालं होतं: तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी फासळ्या. शंभर वर्षांनी, १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या फासळ्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या केल्या.

सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. पण ते चेहरा, पोशाख, प्रमाण बघतात. आतला सांगाडा, पाया, वारा हे इंजिनीअरचं काम. माझी अट असते की मोठ्या कामात स्ट्रक्चरल इंजिनीअर समितीनं नेमायचा आणि त्याची फी वेगळी. निम्म्या समित्या इथेच उठून जातात. जाऊ देत.

जयंतीला पुतळा रंगवावा का?

नको. कळकळीनं सांगतो, नको.

ब्राँझचा तो तपकिरी-काळपट रंग म्हणजे मळ नव्हे. तो आम्ही चढवतो. ब्लोलँपनं धातू तापवायचा आणि ब्रशनं रसायन लावायचं. फेरिक नायट्रेटनं तांबूस तपकिरी येतो, पोटॅशियम सल्फाइडनं काळसर, कॉपर नायट्रेटनं हिरवा. धातू नीट तापला नसेल तर रसायन ओघळतं, जास्त तापला तर रंग पापुद्र्यानं उडतो. ब्रश टेकल्यावर जो चर्र आवाज येतो त्यावरून कळतं. शेवटी कोमट असतानाच मेण. त्याला पॅटिना म्हणतात आणि तो धातूचं रक्षणही करतो.

मग आदल्या रात्री उत्साही कार्यकर्ते सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन येतात. तो रंग डोळ्यांच्या खोलीत, मिशांच्या रेषांत भरतो आणि चेहरा साबणासारखा होतो. काही ठिकाणी चिंच लावून घासलेलं पाहिलंय, तांब्याचा हंडा असल्यासारखं. काही करायचंच असेल तर वर्षातून एकदा साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, मऊ फडक्यानं मेण लावा. कबुतरांची घाण मात्र लगेच काढा.

पुराच्या वेळी काय झालं?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा शेडमध्ये शिरली आणि पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून सगळं भरलं. पाणी उतरल्यावर आठवड्यानं आत गेलो. त्या दिवशी मला माझा धंदा नव्यानं कळला.

स्टँडवर एक मातीचं काम होतं, जवळजवळ पूर्ण. तिथे पाइप, तारा आणि लटकणारे लाकडी क्रॉस उरले होते. खाली चिखल, आणि तो चिखल नदीचा किती आणि माझा किती हे सांगता येईना. प्लास्टरच्या प्रती जागेवर होत्या, पण हात लावला तर साबणासारख्या मऊ. उन्हात सुकून पुन्हा घट्ट झाल्या, फक्त त्यातला काथ्या कुजून चेहऱ्यांवर चहासारखे डाग उमटले. मेणाचं एक डोकं छपराच्या वाशात अडकलेलं सापडलं, उलटं, मजेत तरंगत वर गेलेलं. फायबरचा एक बस्ट गायबच होता. पंधरा दिवसांनी दोन किलोमीटरवरच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या उसात सापडला होता. त्यानं तो धुऊन बांधावर उभा केला होता आणि कपाळाला कुंकू लावलं होतं. हा कोण, त्याला माहीत नव्हतं. ब्राँझच्या तीन कामांना नळाखाली धरलं, संपलं.

पिंप जागचं हललं नव्हतं. झाकण गेलं होतं आणि गुरुजींच्या मातीवर चार बोटं काळा गाळ बसला होता. खरवडून काढला. सगळा निघाला नाही. तेव्हापासून ती माती आधीपेक्षा एक छटा गडद आहे आणि सुकताना जरा जास्त तडकते. टाकून नवी आणा, असं दोघातिघांनी सुचवलं.

शिल्प म्हणजे पुतळेच का?

मुळीच नाही, माझं पोट त्यावर चालतं एवढंच. मुंबईत १९४९ साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी वर्षानुवर्षं तागासारख्या दोराच्या गाठी मारून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. नंतर त्या मातीकामाकडे वळल्या, मग ब्राँझकडे. तिकडे बंगालचे शिल्पकार सोमनाथ होर यांनी मेणाचे पत्रे फाडले, चिरले, डागले आणि थेट ओतले. मेण गेलं की गेलं, दुसरी प्रत नाही. त्यांच्या ब्राँझमधली जखम मेणाला झालेली खरीच जखम असते. मला हेवा वाटतो तो या थेटपणाचा. माझ्या कामात माती आणि धातू यांच्यामध्ये तीन मध्यस्थ.

आता थ्रीडी प्रिंटिंग आलंय. तुमचं काय होणार?

मोठ्या कामात मीही लहान नमुना स्कॅन करून, मशीनवर थर्माकोल कापून घेतो आणि वर दोन इंच माती चढवतो. कंबर वाचते. शेवटचे ते दोन इंच मात्र मशीनला देत नाही.

किती दिवस लागतात? खर्च?

बस्टला पाच-सहा महिने, पूर्णाकृतीला वर्ष. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून खर्च फोनवर सांगत नाही.

शिकायला येऊ का?

या. पहिले दोन महिने माती मळायची, फडकी भिजवायची आणि संध्याकाळी जमीन ओल्या कापडानं पुसायची. झाडू मारायचा नाही. सुक्या मातीची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसते आणि तिचं बाहेर येणं नाही. आमच्या मागच्या पिढीतले दोघं त्यानं गेले. पुसण्याचा कंटाळा असेल तर येऊ नका. त्याआधी एक दिवस काढून अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकरांचं संग्रहालय बघून या. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा करणारा माणूस शेजारपाजारची माणसं आणि जनावरं कशी बघायचा ते तिथे कळतं.

तुमच्या पिंपातली थोडी माती मिळेल का? गुरुजींची आठवण म्हणून.

गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी वर्षातून एकदा विचारतं. देतो, मूठभर, प्लास्टिकच्या पिशवीत. पण सध्या नाही. सध्या ती सगळी स्टँडवर चढलेली आहे, एका शाळामास्तरांच्या पुतळ्यात, आणि त्यांच्या धोतराला अजून कमी पडतेय. साचा सुटला की फोन करतो.